कांदा नको म्हणणारा माणूस

पेन्यालोबा, ९ मे १९४७

फेर्मीन,

नावाआधी 'प्रिय' लिहायची रीत आहे. शाई महाग झाली आहे, म्हणून वगळलं.

तुझं पत्र खेचरवाल्याने पोचवलं. दहा वर्षांत पहिलं. मी कोंबड्यांना दाणे टाकत होते. हात धुतले, आत गेले, तुझ्या आईला चुलीपाशी बसवलं आणि वाचून दाखवलं. तिला हल्ली सावल्यांपलीकडे काही दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. पहिल्या पानावर तू जिवंत असल्याचं कळलं, ती रडली. दुसऱ्या पानावर तुलूझमध्ये जर्मेन नावाच्या बाईबरोबर तू घर थाटल्याचं कळलं, ती रडायची थांबली. तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस की जर्मेनच्या हातची अंडं-बटाट्याची तोर्तिया तव्यात पलटताना फुटते, आणि जिभेवर घरची चव अजून आहे, तर एतेल्विनाने रीत लिहून पाठवावी.

तुझी आई म्हणाली, "ते पुन्हा वाच. मला नीट ऐकू आलं नाही."

पुन्हा वाचलं.

"नीटच ऐकू आलं होतं तर," ती म्हणाली, आणि चुलीत थुंकली.

मी तेव्हा तुझ्याच घरचा लोखंडी तवा घासत होते. तू समोर असतास तर तो तुझ्या तोंडावर मारला असता, एकदा नाही, हात दुखेपर्यंत. हे रागाच्या भरात लिहीत नाहीये. रात्रभर झोपून, सकाळी दूध काढून, मग शांतपणे लिहितेय.

घरची चव म्हणतोस. घरचं ऐक. यादवीत आपली बाजू हरल्यावर तू फ्रान्सच्या बोटीत बसलास आणि आम्ही मागे राहिलो. जिंकलेल्यांनी माझं डोकं भादरलं आणि मला चौकातून फिरवलं, का तर फेर्मीनची बायको. तुझ्या वडिलांना चौकीवर नेलं आणि मुलगे कुठे आहेत विचारत मारलं. एक फ्रान्सात आहे हे त्यांनी सांगितलं, दुसऱ्याचं सांगितलं नाही. घरी आणलं तेव्हा त्यांना पाणीही गिळवत नव्हतं. तीन आठवडे लागले जायला. तुला कळवणार कुठे, पत्ता नव्हता.

धाकट्याचं विचारलंयस. तुझा धाकटा भाऊ बोटीपर्यंत पोचला नाही. तो डोंगरात लपून लढणाऱ्यांत गेला आणि अजून तिथेच आहे असं लोक म्हणतात. त्याचं नाव इथे लिहीत नाही. हे पत्र खोगिराच्या अस्तरातून जाणार आहे, पण अस्तरं उसवता येतात.

तोर्तियाचं म्हणशील तर जर्मेनला सांग, फुटलेलीच खा.

एतेल्विना


पेन्यालोबा, २२ जून १९४७

फेर्मीन,

तुझी आई दोन आठवडे माझ्याशी बोलत नव्हती. "तो नालायक आहे, पण भुकेला आहे," असं तिचं म्हणणं. शेवटी तिने मला बसवून सांगितलं, मी लिहून घेतेय. तिचेच शब्द आहेत.

बटाटा पातळ चिर, पण पारदर्शक नको, खाणाऱ्याला बटाटा आहे हे कळलं पाहिजे. कांदाही तसाच. तेल तव्यात पुष्कळ घे. जाळ मंद. बटाटा तळायचा नाही, तेलात शिजवायचा. तो कुरकुरला तर तू घाई केलीस असं समज. शिजला की तेल मडक्यात निथळून ठेव, पुन्हा वापर, आम्ही तेच तेल वर्षभर पुरवतो कारण रेशनवर मिळतं ते दिव्यालाही पुरत नाही. अंडी फेट, त्यात गरम बटाटे टाक, मीठ घाल, आणि जरा दम धर. मुरू दे. मग तव्यात थोडंसं तेल ठेवून ओत. कडा सुटल्या की वर ताटली उपडी ठेव आणि मनगट फिरव. भ्यायलास तर फुटेल. तिची फुटते कारण ती भिते. एवढंच. "आणि त्याला लिही," आई म्हणाली, "की मंद जाळ. हे दोनदा लिही."

मंद जाळ.

आमच्याकडे अंडी पुरत नाहीत हल्ली. तुझ्या आईची भूक वाढली आहे. या वयात. शेजारच्या ओब्दुलियाने विचारलं, "काय गं, दोघीच ना तुम्ही? मग बाजारात अंडी का दिसत नाहीत तुमची?" मी म्हटलं कोंबड्या रुसल्यात. माळ्यावर गवतात उंदीर फार झालेत, त्यामुळे मला सारखं शिडी चढून वर जावं लागतं. पाय दुखतात.

खालच्या गावातल्या एका माणसाने डोंगरातल्या कोणाला पाव दिला. त्याला त्याच्याच दारात गोळी घातली आणि दोन दिवस तिथेच ठेवला. आम्हाला समोरून जायला लावलं. त्याची बायको दारात उभी होती, तिला आत जायची परवानगी नव्हती. माश्या हाकलायचीही नव्हती.

आता नवीन खेळ काढलाय. चौकीतलेच दोघे-तिघे फाटके कपडे घालतात, दाढ्या वाढवतात, आणि दारात येऊन म्हणतात, आम्ही डोंगरातले, काही खायला द्या. दिलंत आणि चौकीवर कळवलं नाहीत, की मेलात. आणि खरेच डोंगरातले असले आणि तुम्ही कळवलंत, तर ते मेले. दारावर थाप पडली की मी आधी फटीतून बघते, मग ओब्दुलिया मीठ मागायला आलेली का असेना.

धाकट्याला मी पाहिलेलं नाही. लोक म्हणतात त्याच्या दाढीत पांढरं आलंय, डाव्या मांडीत गोळी लागली होती ती जखम आता भरत आली आहे, आणि झोपेत तो दात खातो.

एतेल्विना


महिला तुरुंग, डिसेंबर १९४७

श्री. फेर्मीन यांस,

मी बरी आहे. इथे आमची चांगली काळजी घेतली जाते. तुमच्या मातोश्री जुलैअखेर पायऱ्यांवरून पडून वारल्या. त्यांना वेदना झाल्या नाहीत. कृपया पत्र पाठवू नये.

एतेल्विना


पेन्यालोबा, १५ ऑक्टोबर १९५०

फेर्मीन,

उन्हाळ्यात सुटले. घराचं दार कोणीतरी उचलून नेलंय, बाकी भिंती आहेत. तुझं पत्र ओब्दुलियाने जपून ठेवलं होतं. चुलीशेजारी बसून वाचलं.

तू लिहितोस, धाकटा सातुरिओ सत्तेचाळीसच्या हिवाळ्यातच डोंगर ओलांडून तुझ्या दारात आला, आणि तू त्याला जेऊ घातलंस. मग त्याने त्याचं आणि माझं तुला सांगितलं, तेव्हा तू त्याला जिन्यावरून ढकललंस. आणि मला लिहितोस, "एका पुरुषापायी तू माझ्या आईला तिच्याच तव्यात शिजवलंस."

हे वाक्य मी पुष्कळ वेळा वाचलं. आता तू ऐक. हे पत्र कोण वाचेल याची मला भीती राहिली नाही, म्हणून नावानिशी लिहिते.

सातुरिओ एप्रिलमध्ये आला, मांडीत गोळी घेऊन. तुझ्या पत्राच्या आधी. तो अंगणात आला आणि कोंबड्यांसाठी ठेवलेल्या बादलीतली बटाट्याची सालं बसून खाल्ली, मग दार वाजवलं. मी त्याला माळ्यावर चढवलं. तो मला वहिनी म्हणत होता, मी त्याला भावजी. जखम धुताना मी दुसरीकडे बघायची. तुझं पत्र आलं त्यानंतर मी दुसरीकडे बघायचं सोडलं, आणि त्याने वहिनी म्हणायचं सोडलं. तुझ्या आईला सगळं ऐकू येत होतं. जूनमध्ये एक दिवस वाटाणे सोलता सोलता ती म्हणाली, "शिडी करकरते. तेल घाल."

जुलैचा शेवट होता, गवत कापणीचे दिवस. दुपारी सगळा गाव निजलेला. मी तिघांसाठी बटाटे चिरून ठेवले होते, सहा अंडी काढली होती. दोघे जण दार ढकलून आत आले. एक चाळिशीचा, एक पोरगेला. दाढ्या, फाटके कोट, पायात दोरीच्या चपला.

"आजी," मोठा म्हणाला, "आम्ही डोंगरातले. सातुरिओने पाठवलं. दोन दिवस पोटात काही नाही."

"कोण सातुरिओ?" तुझी आई म्हणाली.

"तुमचा मुलगा."

"माझा एक मुलगा आहे तो फ्रान्सात बायका गोळा करतोय. दुसरा मेला."

तो हसला. टेबलाशी बसला. त्याची नजर परातीवर गेली. "सहा अंडी? दोघी बायकांना?"

"मी म्हातारी झालेय, मेले नाहीये," आई म्हणाली.

मी म्हटलं, "उद्या गवताला माणसं यायचीत. त्यांना कुरणात गार तोर्तिया न्यायची असते."

"मग आज गरम आम्हाला कर."

आई उठली. वर्षभर तिने चुलीला हात लावला नव्हता. मला कोपराने बाजूला सारून म्हणाली, "हो तिकडे. पाहुणे आलेत, त्यांच्यासमोर माझी लाज काढू नकोस." तवा चढवला, मडक्यातलं होतं नव्हतं तेवढं तेल ओतलं, चाचपडत बटाटे टाकले. मग मागे न वळता विचारलं, "कांदा जास्त घालू का रे पोरांनो?"

"मला कांदा नको," मोठा म्हणाला. "बाधतो मला."

आईचा झारा हवेत राहिला. माझे हात अंड्यांवर राहिले. फेर्मीन, सातुरिओने त्या बादलीतली मातकट सालं खाल्ली होती. दहा हिवाळे गुहेत काढलेला माणूस कांदा नको म्हणत नाही. तो कांद्याची साल, मूळ आणि ज्या दोरीत कांदे ओवलेत ती दोरी खाईल.

आम्हाला कळलं, आणि एकमेकींना कळलंय हेही कळलं. पुढे काय करायचं ते ठरलेलं होतं. निमूट खाऊ घालायचं, वाटेला लावायचं, आणि धावत चौकीवर जाऊन सांगायचं की डोंगरातले आले होते. ते हसले असते, मला शहाणी बाई म्हणाले असते, आणि आम्ही वाचलो असतो. पोरगेला अंगणात पाणी प्यायला गेला. मी अंडी फोडायला घेतली. एवढ्यात माळ्याच्या फळ्यांतून गवताचा भुगा गळला. थोडासाच. टेबलावर, त्याच्या हाताशेजारी.

त्याने तो बोटाने गोळा केला. वर पाहिलं.

"वर काय आहे?"

"गवत," मी म्हटलं. "मांजर आहे."

"मांजराला कांदा चालतो का?"

तो उठला तसा कोटाखाली पिस्तुलाचा आकार दिसला. शिडी चुलीच्या कोपऱ्यालाच आहे, तुला आठवत असेल. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. मी काय करणार होते ते मला आजही माहीत नाही. त्याने पिस्तूल काढून दस्त्याने माझ्या तोंडावर मारलं. मी भिंतीवर आपटून खाली बसले. तोंडात रक्त आणि दात एकत्र झाले, दात मी गिळला.

तिथून, जमिनीवरून, मला चूल दिसत होती. आई पाइनच्या सुक्या काटक्या आत सारत होती. एकामागून एक, मूठभरून. जन्मभर मंद जाळ, मंद जाळ म्हणून जिने माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या, ती बाई. तव्यातून धूर निघत होता. बटाटे काळे पडत होते.

त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"बाळा," आई म्हणाली. अगदी तुम्हा मुलांना हाक मारायची त्या आवाजात. "इकडे बघ जरा."

त्याने बघितलं. तिने तवा दांड्याला धरून त्याच्या आवाजाच्या दिशेने फेकला. तेल, बटाटे, सगळं.

मी तुला तो आवाज सांगणार नाही. कातडी चेहऱ्यावरून खाली सरकली. तो हाताने ती परत वर लावायला पाहत होता. पिस्तूल सुटलं आणि एक गोळी छतात गेली. अंगणातला पोरगेला धावत आत आला, त्यामुळे अंगण रिकामं झालं, आणि सातुरिओने माळ्याच्या झरोक्यातून उकिरड्यावर उडी टाकली. तो थांबला नाही म्हणून तू त्याला भित्रा म्हणालास म्हणे. त्याला आईने आधीच शपथ घातली होती, खाली काहीही झालं तरी तू खाली यायचं नाहीस. एक मुलगा बोटीतून गेला, एक झरोक्यातून जाईल, पण जाईल, असं तिचं म्हणणं. तो ओढ्याच्या घळीत उतरला तेव्हा पोरगेला आईला लाथा घालत होता. मी त्याचा पाय चावला. मांस तुटेपर्यंत. मग मला काही आठवत नाही.

चौकीवर आम्हाला अधिकाऱ्यासमोर उभं केलं. टेबलावर तवा ठेवला होता, पुरावा म्हणून. अधिकारी तरुण होता, नखं स्वच्छ. त्याने तवा उचलून पाहिला आणि दोन्ही हातांनी परत ठेवला.

"हा या म्हातारीने उचलला? अर्धी आंधळी आहे ती. हे सुनेचं काम आहे. हिला भिंतीशी न्या."

"हिचं काम?" तुझी आई म्हणाली. बरगड्या मोडल्या होत्या, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. "साहेब, हिला धड अंडं फोडता येत नाही. हिच्या हातची तोर्तिया कुत्र्याला घातली तर कुत्रा शेजाऱ्याकडे राहायला जातो. माझ्या मुलाने हिला टाकली ती उगाच नाही. तवा पाण्याने भरून आणा."

"कशाला?"

"रिकामा उचलला तर तुम्ही म्हणाल रिकामा होता."

मला वाटतं त्यांना गंमत वाटली. एकाने बादलीतून तवा भरला. आई टेबलापर्यंत चाचपडत गेली, दांडा शोधला, आणि उजव्या हाताने, एकाच हाताने, तो उचलून समोर धरला. हात सरळ. पाणी हललं नाही. मी त्या मनगटाकडे बघत होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्या मनगटाचा द्वेष केला होता, कारण ते कधी चुकायचं नाही. तिने तवा धरून ठेवला, अधिकाऱ्याने मान खाली घालेपर्यंत, आणि मग मनगट फिरवलं. पाणी त्याच्या मांडीवर आणि कागदांवर.

"पटलं?" ती म्हणाली.

त्यांना पटलं. त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं, मला बाहेर बाकावर बसवलं. दुपार मावळेपर्यंत चाललं. ती ओरडली नाही, शिव्या देत होती, त्यांच्या आयांना, आज्यांना, त्यांच्या देवालाही. शिव्या संपल्यावर ती मुलांची नावं घेत हाका मारायला लागली. सातुरिओचं घेतलं. मग तुझं. तुझं जास्त वेळा घेतलं. हे मी तुला सांगणार नव्हते, कारण तू याच्या लायक नाहीस. पण तिने घेतलं ते खरं, आणि खरं तेच लिहायचं ठरवलंय.

मग आवाज थांबला. एक शिपाई पाण्याची बादली घेऊन आत गेला, बाहेर येऊन मला म्हणाला, "पायऱ्यांवरून पडली." चौकीला पायऱ्या नाहीत. ती जमिनीलगत आहे.

मला तीन वर्षं मिळाली, आसरा दिला म्हणून. तव्याचं काम तिने स्वतःवर घेतलं नसतं तर गोळी मिळाली असती. आता सांग कोणी कोणाला शिजवलं.

आणखी एक. मला दर रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर चौकीवर हजेरी द्यावी लागते. वही पुढे सरकवतो तो तोच आहे, कांदा नको म्हणणारा. हवालदार बेलार्मिनो त्याचं नाव. एक डोळा मिटलेला, कान नाही, गाल गुळगुळीत आणि लाल. बाहेरच्या कामाला त्याला पाठवत नाहीत, मुलं घाबरतात. पहिल्या रविवारी त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या रविवारी म्हणाला, "तुझी सासू सुटली. मी अडकलोय. कोणाच्या घरात तेल तापलं की मला बाहेर पळावं लागतं. बायको सगळं उकडून देते. माझ्या मुलीने गेल्या तीन वर्षांत माझ्या गालाला हात लावला नाही."

मी सही केली.

"काहीच बोलायचं नाही तुला?"

"पेन सुकलंय," मी म्हटलं. "शाई भरा."

बाहेर येऊन गल्लीतल्या भिंतीला टेकले. मला वाटलं होतं आनंद होईल. नाही झाला. दयाही आली नाही. भूक लागली होती, घरी जाऊन पाव खाल्ला.

आई कुठे पुरली आहे ते मी शोधून काढलं. दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, जिथे आत्महत्या केलेल्यांना पुरतात. मी तिथे खेचराने ओढवून दगड ठेवलाय. नाव कोरू देत नाहीत, पण दगड इतका मोठा आहे की तो हलवायला चौघे लागतील, आणि चौकीतल्या कोणाची हिंमत होत नाही.

सातुरिओने माणूस पाठवलाय, डोंगरवाट माहीत असलेला. बर्फ पडायच्या आत निघते. मी तुलूझला येतेय. तुझ्याकडे नाही. आमच्यामध्ये येऊ नकोस.

एतेल्विना


तुलूझ, २ मार्च १९५१

फेर्मीन,

आपण आता तीन गल्ल्यांच्या अंतरावर राहतो आणि मला अजून तुला पत्र लिहावं लागतंय, कारण काल तू बोलण्यासारखा नव्हतास.

तू खाली गल्लीत उभा राहून काय काय ओरडलास ते सगळ्या इमारतीने ऐकलं. इथल्या निम्म्या बिऱ्हाडांना आपली भाषा येते, तेव्हा कोणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. मी वेश्या, तो चोर, असं. मग तू वर आलास. दार मी आतून लावलं होतं. तू ते खांद्याने तोडलंस. दार भाड्याच्या घराचं आहे, ते तुला भरावं लागेल.

तू चाकू काढलास तेव्हा सातुरिओच्या हातात काही नव्हतं. तो दाराजवळच्या खुर्चीवरून उठलाही नाही, मला वाटतं त्याने ठरवलं होतं की तू मारलंस तर मारू द्यायचं. त्याला असं वाटतं की तो आईचं देणं लागतो. मला तसं वाटत नाही. म्हणून मी मध्ये आले, आणि म्हणून तुझा वार त्याच्या दंडाला लागला आणि मग चौकटीत रुतला. बारा टाके पडले. हाड वाचलं. तू चाकू ओढून काढायचा प्रयत्न करत होतास आणि तो निघत नव्हता, तेव्हा तू रडायला लागलास. मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा, आणि "आई" म्हणालास. दोन पत्रांत एकदाही तू तिच्यासाठी रडल्याचं लिहिलं नव्हतंस. तेव्हा मी तुला मारायला उचललेली खुर्ची खाली ठेवली.

तू जिना उतरून गेलास. सातुरिओ म्हणाला, "त्याच्या मागे जाऊ का?" मी म्हटलं, "आधी दंड बांधू दे. मेलास तर कोणाच्या मागे जाशील?"

पोलीस आले होते. मी सांगितलं, घरातलं भांडण, चौकट कुजकी होती, चाकू निसटला. त्यांनी माझ्या तोंडाकडे, पडलेल्या दाताकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते समजून निघून गेले. जर्मेन सकाळी आली होती. गरोदर आहे हे तू लिहिलं नव्हतंस. ती दारात उभी राहून रडली, मी तिला आत बसवलं, सूप दिलं. चांगली बाई आहे. तिच्या मनगटावर बोटांचे वळ आहेत, फेर्मीन. ते मी पाहिले. तिला आमच्या घराची किल्ली दिली आहे.

एवढंच सांगायला लिहिलं. तिच्या अंगावर पुन्हा वळ दिसला तर मी सातुरिओला पाठवणार नाही. मी येईन.

चाकू संध्याकाळी हातोडीने ठोकून चौकटीतून काढला. पातं चांगलं आहे, वाकलं नाही. तो परत मागू नकोस. बटाटे सोलायला मला एक हवाच होता.

एतेल्विना